५८-० नं हरले ते ठीक, पण शाळा कुठंय? खेळाडू इंचानं मोजणाऱ्या अमेरिकेत कोच कसा सुटला

२९ ऑगस्ट २०२१, रविवारचा दिवस. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कँटन नावाचं शहर आहे. तिथं प्रो फुटबॉलचं हॉल ऑफ फेम आहे आणि त्याला लागूनच एक मोठं स्टेडियम. त्या स्टेडियमवर दोन हायस्कूलच्या टीम खेळत होत्या आणि ईएसपीएन ती मॅच देशभर लाइव्ह दाखवत होतं. एका बाजूला फ्लोरिडाची आयएमजी अकॅडमी. दुसऱ्या बाजूला ओहायोच्याच कोलंबस शहरातली बिशप सिकामोर.

मॅच सुरू झाली आणि थोड्याच वेळात कॉमेंट्रीचा सूर बदलला. माईकवर होते भारतीय वंशाचे अनिश श्रॉफ आणि त्यांच्या जोडीला टॉम लुगिनबिल. समोरचा खेळ इतका एकतर्फी चालला होता की श्रॉफ यांनी लाइव्ह मॅचमध्येच प्रेक्षकांना सांगून टाकलं, की या शाळेनं आम्हाला मोठ्या कॉलेजांच्या नजरेत असलेले अनेक खेळाडू आपल्याकडे असल्याचं सांगितलं होतं, पण त्यातलं बरंचसं आम्हाला पडताळताच आलं नाही. पुढं त्यांनी या पोरांना इजा तर होणार नाही ना, अशी काळजीही बोलून दाखवली. ज्या चॅनलनं मॅच लावली, त्याच चॅनलचा माणूस मॅच चालू असताना त्या मॅचबद्दलच शंका घेतोय. असं रोज बघायला मिळत नाही.

शेवटी स्कोअर लागला ५८-०.

आता हरणं हा काही गुन्हा नाही. आपल्याकडंही शाळेच्या मॅचमध्ये २० रन्सवर ऑलआउट झालेल्या टीम असतात, त्यांच्या शाळा काही गायब होत नाहीत. इथं मात्र लोकांनी इंटरनेटवर शोधाशोध सुरू केली आणि प्रश्न स्कोअरच्या पलीकडं गेला. या शाळेची इमारत कुठंय? वर्ग कुठं भरतात? शिक्षक कोण? उत्तर कुणालाच देता येईना.

हे प्रकरण तेव्हा मीम्समध्ये वाहून गेलं. पण चार-पाच वर्षांनी ते परत काढायचं कारण आहे. अमेरिकेत हायस्कूलच्या पोरांना आता खेळाच्या जोरावर कायदेशीर पैसे मिळायला लागलेत आणि २०२५ च्या अखेरीस खुद्द ओहायोनंही त्याला दार उघडून दिलं. पैसा आला की दलाल येतात. अशा वेळी खेळाडू आणि कोच यांची पारख नेमकी कोण करतं, कशी करतं आणि ती कुठं गंडते, हे बिशप सिकामोरइतकं स्वच्छ दुसरीकडं कुठं दिसत नाही.

आधी एक खुलासा. इथं फुटबॉल म्हणजे मेस्सीचा नाही. हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा तो अमेरिकन फुटबॉल. अमेरिकेत साधारण दहा लाख पोरं तो हायस्कूलमध्ये खेळतात. छोट्या गावांत शुक्रवारी रात्रीची मॅच म्हणजे आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्या. अख्खं गाव स्टँडमध्ये असतं.

स्काउटिंग म्हणजे नक्की काय

स्काउटिंग हा शब्द दोन वेगळ्या कामांसाठी वापरतात आणि दोन्हींत गल्लत होते.

पहिलं काम म्हणजे पुढच्या शुक्रवारी ज्यांच्याशी मॅच आहे, त्या टीमचा अभ्यास. हा सगळा खेळ व्हिडिओवर चालतो. पूर्वी कोच लोक शनिवारी सकाळी गाडी काढून अर्ध्या वाटेत भेटायचे आणि एकमेकांच्या मॅचच्या टेप बदलून घ्यायचे. आता हडल नावाची सिस्टिम आहे. २००६ मध्ये नेब्रास्कातल्या लिंकन शहरात सुरू झालेली ही कंपनी आज अमेरिकन हायस्कूल फुटबॉलचा कणा झालीय. मॅचचा व्हिडिओ अपलोड करायचा आणि समोरच्या टीमला शेअर करायचा. बहुतेक लीगमध्ये अशी देवाणघेवाण ठरलेलीच असते. म्हणजे तुमचा शत्रू तुमचा अभ्यास करणार आहे, हे तुम्हाला माहीत असतं आणि साहित्य तुम्हीच पुरवता.

मग शनिवार-रविवारी कोचेसचं खरं काम सुरू होतं. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं असतं. त्या प्रत्येक प्रयत्नाला एक नोंद. कितवा प्रयत्न, किती यार्ड बाकी, चेंडू मैदानाच्या डाव्या अंगाला की उजव्या, टीम कशी उभी राहिली, चेंडू फेकला की घेऊन पळाले, किती यार्ड मिळाले. एका मॅचमध्ये शंभराच्या वर असे प्रसंग. दोन-तीन मॅचच्या नोंदी झाल्या की आकडे बोलायला लागतात. तिसरा प्रयत्न आणि आठ यार्ड बाकी असले की ही टीम दरवेळी उजवीकडंच फेकते, असं काहीतरी हाती लागतं.

खेळाडूंच्या बारीक सवयी तर आणखी मजेशीर. पुढच्या फळीतला गडी एक हात जमिनीला टेकवून वाकतो, तेव्हा त्याच्या बोटांवर किती भार आहे हे जुने कोच बघतात. भार देऊन बोटं पांढरी पडली असतील तर तो पुढं मुसंडी मारणार, म्हणजे चेंडू घेऊन पळायचा डाव आहे. हात नुसता टेकवलाय आणि अंग मागं झुकलंय, तर चेंडू फेकला जाणार. सोळा वर्षांच्या पोराला आपण हे करतोय याचा पत्ताही नसतो.

कोचिंग स्टाफचाही असाच अभ्यास होतो आणि मला विचाराल तर तो खेळाडूंपेक्षा जास्त महत्त्वाचा असतो, कारण पोरं दरवर्षी पास होऊन जातात, कोच तिथंच राहतो. डाव कोण सांगतं, मुख्य कोच की आक्रमणाचा को-ऑर्डिनेटर? टाइमआउटनंतरच्या पहिल्या डावात तो काही वेगळं करतो का? चौथ्या प्रयत्नाला जुगार खेळतो की चेंडू सोडून देतो? पुढं असला की घाबरून आखडतो का? नवा को-ऑर्डिनेटर आला असेल तर तो आधी कुठं होता हे शोधायचं आणि त्या जुन्या शाळेचे व्हिडिओ मिळवायचे. माणूस शाळा बदलतो, सवयी सहसा बदलत नाही.

सोमवारी हे सगळं कागदावर येऊन पोरांच्या हातात पडतं. मंगळवारी-बुधवारी राखीव पोरांची एक फळी समोरच्या टीमसारखी खेळते, तिला स्काउट टीमच म्हणतात. शुक्रवारी मॅच. शनिवारी परत पहिल्यापासून.

कॉलेजच्या पातळीवर याची नियमावली फार कडक आहे. पुढच्या प्रतिस्पर्ध्याची मॅच आधी प्रत्यक्ष जाऊन बघण्यावर तिथं १९९४ पासून बंदी आहे आणि मिशिगन विद्यापीठाचं इशारे चोरण्याचं जे प्रकरण २०२३ मध्ये गाजलं ते यातूनच निघालं. हायस्कूलमध्ये मात्र साधारणपणे तुम्ही तिकीट काढून स्टँडमध्ये वही घेऊन बसू शकता.

दुसरं काम: पोराची किंमत ठरवणं

स्काउटिंगचा दुसरा अर्थ म्हणजे कॉलेजसाठी खेळाडू हेरणं. इथं आकड्यांचा धंदा आहे. उंची, वजन, हातांचा पल्ला, ४० यार्ड म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर पळायला लागलेला वेळ. २४७स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन या कंपन्या पोरांना स्टार देतात. पाच स्टार मिळालेली पोरं देशभरात दरवर्षी जेमतेम तीसेक असतात.

आकडे मोठे निर्दयी आहेत. एनसीएए ही कॉलेज खेळांची मुख्य संघटना. तिच्याच हिशोबानं हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या शंभर पोरांमागं सात-आठ जण तिच्या कुठल्याही पातळीच्या कॉलेजात खेळतात. सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनमध्ये पोचतात ते तीनच्या आसपास. म्हणजे ९२ घरांत शेवटी निराशा ठरलेली. पण शेवटच्या वर्षापर्यंत त्या ९२ घरांतल्या बऱ्याच जणांना आपलं पोरगं त्या आठांत आहे असंच वाटत असतं. बिशप सिकामोरसारख्या टीमला माणसं मिळतात ती इथून.

आणि बघा, पोराला मोजायला किती जण! त्याच्या पायाच्या वेगात शेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक पडला तर चर्चा होते. उंची खोटी सांगितली तर कॅम्पमध्ये फूटपट्टीला उभं करून पकडतात. पण ज्याच्या भरवशावर ते पोर घर सोडून येतं, त्या कोचचं काय? तो समोर कसा खेळवतो याचा अभ्यास होतो. तो माणूस म्हणून कोण आहे, त्याच्यामागं खरंच शाळा आहे का, हे तपासणं कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

बिशप सिकामोर इथवर पोचली कशी

या टीमचे कोच होते रॉय जॉनसन. त्यांचा इतिहास काही गुप्त नव्हता. २०१८ मध्ये कोलंबसमध्येच ‘ख्रिश्चन्स ऑफ फेथ अकॅडमी’ नावाचा असाच एक प्रयोग झाला होता. त्यातही जॉनसन होते. मोठ्या गप्पा, देशभरातल्या तगड्या शाळांशी मॅच आणि मग सगळं बोंबललं. ओहायोच्या हायस्कूल क्रीडा संघटनेत तेव्हा काम करणारे बेन फेरी यांनी त्या वेळीच हे प्रकरण खणायला घेतलं होतं. स्थानिक पेपरांतही त्याच्या बातम्या होत्या. त्यानंतर नाव बदलून आली ती बिशप सिकामोर.

२०२० च्या हंगामात या टीमनं एकही मॅच जिंकली नाही. आता गंमत ऐका. त्याच हंगामात ती आयएमजी अकॅडमीशीच खेळली होती आणि ५६-६ नं हरली होती. त्या वर्षी आयएमजीकडं जे. जे. मकार्थी होता, जो पुढं एनएफएलमध्ये मिनेसोटा वायकिंग्जचा क्वार्टरबॅक झाला. म्हणजे २०२१ ची मॅच ठरवताना मागच्या वर्षीचा निकाल उघड्यावर पडलेला होता. कुठली गुप्त माहिती काढायची नव्हती, फक्त बघायचं होतं.

पण बघणार कोण? ईएसपीएन या मॅच स्वतः ठरवत नव्हतं. ते काम पॅरागॉन मार्केटिंग ग्रुप या कंपनीकडं होतं. प्रकरण अंगाशी आल्यावर ईएसपीएननं खेद व्यक्त केला आणि मॅच ठरवण्याचं काम पॅरागॉन करतं, असं सांगितलं. पॅरागॉनच्या प्रमुखांनी म्हटलं की ही टीम दोनच दिवस आधी एक मॅच खेळलीय हे कळलं असतं, तर आम्ही रविवारची मॅच होऊच दिली नसती.

ही दोन दिवसांची गोष्ट नीट समजून घ्या. शुक्रवारी २७ तारखेला बिशप सिकामोरची पोरं पेनसिल्व्हेनियाच्या स्टो-रॉक्स शाळेशी खेळली आणि १९-७ नं हरली. लगेच रविवारी देशातल्या सगळ्यात दणकट टीमपैकी एकीसमोर उभी. हायस्कूल फुटबॉलमध्ये आठवड्याला एकच मॅच खेळायची रीत आहे आणि ती उगाच नाही. हा धडका घेण्याचा खेळ आहे. डोक्याला मार लागलेल्या पोराची लक्षणं दिसायलाच कधीकधी दिवस जातो. कुठलाही शहाणा कोच हे करणार नाही. आणि शुक्रवारची ती मॅच काही तळघरात झाली नव्हती, समोर अख्खी एक शाळा खेळत होती.

मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. काही खेळाडू आधीच ज्युनिअर कॉलेजला खेळून आलेले होते अशा बातम्या आल्या. आपल्याकडं वयोगटाच्या क्रिकेटमध्ये ज्याला वयचोरी म्हणतात, त्याच्या जवळचा प्रकार. फरक इतकाच की आपल्याकडं जन्मदाखल्यात खाडाखोड तरी करतात. इथं दाखला मागणाराच कुणी नव्हता, कारण बिशप सिकामोर ओहायोच्या क्रीडा संघटनेची सदस्यच नव्हती. खेळाडूचं वय, मार्क, पत्ता ही तपासणी संघटना करते ती आपल्या सदस्य शाळांची. सदस्य नाही तर तपासणी नाही. त्याच वेळी जॉनसन यांच्याविरुद्ध कोर्टात हजर न राहिल्याबद्दल वॉरंट निघालेलं होतं, हेही बातम्यांतून कळलं. हॉटेलची बिलं थकवल्याचे दावेही होते. मॅचनंतर दोन दिवसांत जॉनसन यांना कोचपदावरून काढल्याचं शाळेकडून सांगण्यात आलं. शाळेकडून म्हणजे नक्की कुणाकडून, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो बरोबर आहे.

कायद्यातली फट

राज्याच्या यादीत ही शाळा आली कशी, हा भाग सगळ्यात वाचण्यासारखा आहे.

ओहायोमध्ये अशी तरतूद आहे की धार्मिक श्रद्धेमुळं ज्या खासगी शाळांना सरकारी मान्यता नको असते, त्या मान्यतेशिवाय चालू शकतात. सरकारी पैसा घ्यायचा नाही आणि दरवर्षी आम्ही किमान निकष पाळतो असा अहवाल स्वतःच पाठवायचा. सरकार त्या शाळेला मंजुरी देत नाही, फक्त तिची नोंद ठेवतं. श्रद्धेनं शाळा चालवणाऱ्या लोकांचा मान राखायला केलेली ही सोय. २०२०-२१ मध्ये बिशप सिकामोर त्या नोंदीत होती. आता बाहेरून बघणाऱ्याला वाटणार, राज्याच्या यादीत नाव आहे म्हणजे शाळा आहे. यादीचा अर्थ ‘आम्ही तपासलं’ असा नव्हताच. ‘त्यांनी आम्हाला कळवलं’ एवढाच होता.

हायस्कूल खेळांच्या मोठ्या वेबसाइटवरही तोच प्रकार. टीमचं पान, खेळाडूंची यादी, उंची-वजन हे सगळं बहुतेक वेळा कोचनंच भरलेलं असतं. म्हणजे कोच वेबसाइटला सांगतो, वेबसाइट बघून मॅच ठरवणारा खूश होतो, टीव्हीवर दिसतं म्हणून आईबापांना खात्री पटते आणि आईबापांनी पोर पाठवलं की कोचकडं खरंच टीम तयार होते. या पूर्ण चक्रात एकाही ठिकाणी बाहेरच्या माणसानं खिळा ठोकून बघितलेला नाही.

ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन यांनी चौकशी करायला सांगितली आणि राज्याच्या शिक्षण खात्याचा अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये आला. सरकारी अहवाल सहसा गुळमुळीत असतात, हा नव्हता. त्यात थेट ‘स्कॅम’ हाच शब्द वापरलाय. अनेक विद्यार्थी दाखल असल्याचा, किमान निकष पाळल्याचा किंवा काही शिकवल्याचा पुरावा मिळाला नाही आणि ही शाळा नसून पोरांना हायस्कूलच्या टीमविरुद्ध फुटबॉल खेळवण्याचा एक मार्ग होता, असा त्याचा सूर होता. पुढं २०२३ मध्ये एचबीओवर ‘बीएस हाय’ नावाची डॉक्युमेंट्री आली. त्यात जॉनसन स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. ती बघताना मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की माणूस बोलायला अतिशय गोड आहे. असा माणूस तुमच्या घरच्या सोफ्यावर येऊन बसला आणि म्हणाला की तुमच्या पोराला मी कॉलेजपर्यंत नेतो, तर तुम्ही चहाच टाकाल.

पोरांचं काय गेलं

इंटरनेट हसत होतं तेव्हा ही बाजू कुणी फारशी मांडली नाही. त्या टीममधली बरीच पोरं अशी होती की हायस्कूल संपत आलंय किंवा संपलंय आणि कुठल्याच कॉलेजनं विचारलेलं नाही. त्यांना सांगितलं गेलं की अजून एक वर्ष माझ्याकडं खेळ, मोठ्या टीमसमोर खेळल्याचा व्हिडिओ तयार होईल, मग स्कॉलरशिप. ऐकायला हे पटतं, कारण भरती खरंच व्हिडिओवर होते.

पण व्हिडिओ ही निम्मीच गोष्ट आहे. डिव्हिजन वनला खेळायचं तर हायस्कूलमधले १६ ठरावीक मुख्य विषय पूर्ण हवेत आणि त्यांत किमान २.३ जीपीए हवा. त्यातले दहा विषय शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी झालेले लागतात. हे विषय एनसीएएनं मान्य केलेल्या शाळेतलेच चालतात. आता जिथं वर्गच भरत नाहीत तिथून मार्कशीट काय येणार? तुम्ही आयएमजीविरुद्ध पाच टचडाऊन केले असते तरी कागद नाहीत म्हणून फाइल बाजूला. पोरांनी जे वर्ष पणाला लावलं, ते सुरू होण्याआधीच वाया गेलेलं होतं आणि हे त्यांना ओळखणारी एकही व्यक्ती कॉमेंट्री बॉक्समध्ये, स्टेडियममध्ये किंवा मॅच ठरवणाऱ्या ऑफिसात नव्हती.

आणि या मॅचची गरज फक्त जॉनसन यांनाच होती असंही नाही. आयएमजीसारखी टीम इतकी तगडी असते की आजूबाजूच्या साध्या शाळा तिच्याशी खेळायला राजी नसतात. तिला देशभरातून प्रतिस्पर्धी गोळा करावे लागतात. चॅनलला हंगामाच्या सुरुवातीला स्लॉट भरायचे असतात. अशा वेळी कुणी कुठंही, कुणाशीही खेळायला एका पायावर तयार असेल तर त्याला फार प्रश्न विचारले जात नाहीत. माझ्या मते खरी मेख इथं आहे. हयगय झाली म्हणणं सोपं आहे, पण न विचारण्यात सगळ्यांचीच सोय होती.

आता धोका का वाढलाय

कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे कमवायची परवानगी १ जुलै २०२१ ला मिळाली. म्हणजे कँटनच्या त्या मॅचच्या दोनच महिने आधी. तेव्हापासून चित्र पार बदललंय. जून २०२५ मध्ये कोर्टानं एका मोठ्या समझोत्याला मंजुरी दिली आणि कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देतात. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक कॉलेजला सगळ्या खेळांना मिळून साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर्सची मर्यादा ठरली. या समझोत्यात आलेल्या कॉलेजांना फुटबॉल टीममध्ये १०५ पेक्षा जास्त पोरं ठेवता येत नाहीत. पूर्वी स्कॉलरशिपशिवाय जी पोरं नुसती टीममध्ये घुसायची, त्यांची जागा आकसली.

त्यात भर म्हणजे ट्रान्सफर पोर्टल. एका कॉलेजातून दुसरीकडं जाणं इतकं सोपं झालंय की कोच म्हणतात, १७ वर्षांच्या कच्च्या पोरावर जुगार कशाला खेळू, दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं सिद्ध झालेला २१ वर्षांचा गडी आणतो. म्हणजे वरच्या टोकाला पैसा वाढला आणि खालच्या टोकाला दार अरुंद झालं. ज्या पोराला २०१५ मध्ये एखादं लहान कॉलेज मिळालं असतं, ते आज घरी बसलंय आणि ‘अजून एक वर्ष माझ्याकडं खेळ’ म्हणणाऱ्याची वाट बघतंय.

हायस्कूलच्या पोरांना जाहिरातीतून पैसे कमवू देणारी राज्यं तर आता बहुसंख्य झालीत. म्हणजे १५-१६ वर्षांच्या पोराभोवती कोच, सल्लागार, ‘खासगी ट्रेनर’, एजंट असं कोंडाळं तयार होणार. त्यातले चांगले लोक कमी आहेत असं नाही. पण कोचला मोजायची पट्टी अजून तयार झालेली नाही.

सरकारी शाळेतल्या कोचचं तसं बरं आहे. ओहायोमध्येच त्याला परमिट काढावं लागतं, पार्श्वभूमी तपासली जाते, प्रथमोपचार आणि डोक्याच्या दुखापतीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. अडचण या चौकटीच्या बाहेर राहणाऱ्यांची आहे आणि बाहेर राहणं फार अवघड नाही हे आपण वर बघितलंच.

अमेरिकेत नातेवाईक असतील आणि त्यांचं पोर कुठलाही खेळ सिरियसली खेळत असेल, तर दोन गोष्टी त्यांना आत्ताच पाठवून ठेवा. एक, एनसीएएच्या वेबसाइटवर शाळेचं नाव टाकून तिचे मान्य विषय कुणालाही बघता येतात. तिथं नाव नसेल किंवा यादी रिकामी असेल तर कोच कितीही गोड बोलू दे, थांबायचं. दोन, राज्याच्या क्रीडा संघटनेला फोन करून शाळा सदस्य आहे का आणि हा कोच आधी कुठल्या शाळेत होता हे विचारायचं. आणि मग त्या आधीच्या शाळेलाही फोन करायचा.

बिशप सिकामोरच्या बाबतीत हे फोन शेवटी झालेच. कँटनच्या मॅचनंतरच्या आठवड्यात, ज्या शाळांच्या वेळापत्रकात या टीमचं नाव होतं त्यांनी चौकशी सुरू केली आणि एकामागोमाग एक मॅच रद्द व्हायला लागल्या.